तिन्हीसांजेला घरात कोणी नसतं, आणि मला बरं वाटतं

पत्र

मी ४९ वर्षांची आहे. ऐरोलीत राहते, महापेच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. यजमान बँकेत आहेत. दोन वर्षांपूर्वी बढतीवर त्यांची नागपूरला बदली झाली, महिन्यातून एकदा येतात. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, दीड वर्षापूर्वी गेल्या. नोकरी सांभाळून त्यांचं सगळं मी केलं. आठ वाजले की अजूनही हात त्यांच्या गोळ्यांच्या डब्याकडे जातो. त्यांच्या साड्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही.

आता संध्याकाळी सातला घरी येते, देवाजवळ दिवा लावते आणि चहा घेऊन गॅलरीत बसते. कधी रेडिओ, कधी क्रोशा, कधी नुसतीच. टीव्ही लावत नाही. स्वतःपुरतं काय करायचं म्हणून बऱ्याचदा चहा-खारीवर भागवते. नऊनंतर फोन हातात येतो, मग अकरा कधी वाजतात कळत नाही आणि झोपताना उगाच चिडचिड होते. पण सात ते नऊ हा वेळ मला फार प्रिय आहे. लग्नाआधी मी खूप वाचायचे, ते परत सुरू करावंसं वाटू लागलंय.

हे कोणाला सांगता येत नाही. ठाण्याची मोठी नणंद रोज संध्याकाळी फोन करते, "एकटी काय करतेस? जेवायला ये." शेजारच्या वहिनी महिला मंडळात ओढतात. मी डोकं दुखतंय म्हणून सांगते. परवा व्हॉट्सॲपवर आलं की एकटं राहणं म्हणजे दिवसाला १५ सिगारेटी ओढणं. तेव्हापासून धास्ती बसली आहे. पुढच्या वर्षी यजमानांची बदली परत इकडे होईल. तेव्हा मला घरात माणसं सहन होतील ना? आणि खरी बोच ही आहे की सगळे गेले आणि मला बरं वाटतंय. मी वाईट बाई आहे का?

— एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. नाही, तुम्ही वाईट बाई नाही. सासूबाई गेल्या याचा तुम्हाला आनंद झालाय असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. दीड वर्ष झालं तरी ज्या बाईचा हात आठ वाजता गोळ्यांच्या डब्याकडे जातो, तिने माया केली होती की नाही हे मला वेगळं विचारायची गरज वाटत नाही. तुम्हाला बरं वाटतंय ते संध्याकाळ स्वतःच्या हाती आल्यामुळे. त्यांचं जाणं आणि हा मोकळा वेळ एकाच सुमाराला आले, म्हणून मनात दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

अंथरुणावरचं माणूस ज्या घरात असतं तिथली संध्याकाळ बाहेरच्यांना कळत नाही. दिवसाची बाई सातला निघणार, म्हणून महापेहून शेअर रिक्षा, घणसोलीहून गाडी, ऐरोलीला उतरून घरापर्यंतची वाट, सगळं घड्याळाकडे बघत. चप्पल काढायच्या आत ती सांगणार, आज जेवल्या नाहीत, पाठ लाल दिसतेय. मग डायपर, पेज, गोळ्या, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि त्यातच मुलाचं ताट. पाठ टेकली तरी एक कान पलीकडच्या खोलीत. सहा वर्षं शरीर असं पहाऱ्यावर राहिलं की ज्याच्यासाठी पहारा होता ते माणूस गेल्यावरही ते लगेच सैल होत नाही. आजारी माणसाचं केलेल्या कितीतरी जणी सांगतात की नंतर अनेक महिने त्यांना मध्यरात्री दचकून जाग येत होती, खोकल्याचा भास होत होता. तुम्ही गॅलरीत तासभर काहीही न करता बसता तेव्हा तुमचं शरीर त्या पहाऱ्यावरून उतरत असतं. त्याला उतरू द्या. दीड वर्ष झालं, आता पुरे, असा हिशेब त्याच्यामागे लावू नका.

मग हे इतरांना का समजत नाही? मला वाटतं, ते आपल्या तिन्हीसांजेशी जोडलेलं आहे. आपल्या घरांत ती बाईच्या सगळ्यात धावपळीची वेळ. देवाजवळ दिवा, मुलांचं शुभंकरोती, घरची माणसं परतणार, कुकर चढवायचा. या वेळी झोपू नये, केर काढू नये, असं आजीच्या तोंडून ऐकत आपण मोठ्या झालो. दिवेलागणीला घर भरलेलं असावं, ही त्यामागची आस. म्हणून त्या वेळी रिकाम्या घरात बसलेली बाई दिसली की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, हिचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. पुरुषांच्या वाट्याला ही काळजी येत नाही. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळी एकटे बसलेले कितीतरी गृहस्थ दिसतात. कोणी पाण्याकडे बघतंय, कोणी पेपर चाळतंय. त्यांना जाऊन कोणी विचारत नाही की अहो, घरी सगळं ठीक ना? बाईला एकांत मिळायचा तो न्हाणीघरात नाहीतर देवासमोर, आणि तोही कोणी हाक मारेपर्यंत. माझ्या आईला असा रोजचा एक तास कोणी दिला असता तर तिने त्याचं काय केलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. तुम्हाला तो मिळालाय. तो चोरून आणल्यासारखा वापरू नका, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते.

आता त्या सिगारेटींचं. तो मजकूर मलाही आला होता. त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे, म्हणून ते काय आहे ते नीट सांगते. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आधीचे १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचा माणसांशी धागा घट्ट होता, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. सिगारेटीशी तुलना तिथून सुरू झाली. पण त्यांनी मोजलं होतं ते नातेसंबंध: वेळेला धावून येणारं कोणी आहे का, घरचे, मित्रमैत्रिणी, चार लोकांत वावर आहे का. संध्याकाळी सात ते नऊ गॅलरीत कोण बसतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तुम्ही दिवसभर ऑफिसात माणसांत असता, नणंद रोज चौकशी करते, शेजारीण दार ठोठावते, यजमान महिन्याला येतात. त्या मोजपट्टीवर तुम्ही गोतावळ्यातल्याच ठरता. धास्ती सोडा.

नुसत्या एकटं बसण्याचाही अभ्यास झालाय. थुय-वी न्गुएन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना १५ मिनिटं एकटं बसवलं, तेव्हा मनातल्या जोरकस भावना ओसरल्या. घालमेल आणि चिडचिड खाली आली, तसा उत्साहाचा जोरही खाली आला. आणि ज्यांनी ते एकटं बसणं आपल्या मर्जीने घेतलं होतं, त्यांना निवांतपणा जास्त वाटला, ताण कमी. तुम्ही ज्याला बरं वाटणं म्हणता ते हेच असावं.

सगळ्यांना मात्र हे जमत नाही, आणि शेजारच्या वहिनींना समजून घ्यायला ही गोष्ट कामी येईल. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन यांच्या गटाने लोकांना एका खोलीत थोडा वेळ आपल्या विचारांसोबत बसायला सांगितलं. करमणुकीला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य पण नकोसा झटका. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण निदान एकदा दाबलं. नुसतं बसण्यापेक्षा झटका बरा वाटला त्यांना. तेव्हा वहिनी तुम्हाला मंडळात ओढतात तेव्हा त्यांच्या मनात कदाचित एवढंच असेल की आपण हिच्या जागी असतो तर वेडे झालो असतो. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यामागून जाऊही नका.

आता माझी एक तक्रार. सात ते नऊ तुम्ही जपता, आणि नऊनंतर ते सगळं फोनच्या हाती देता. झोपताना येणारी चिडचिड तिथून येते, असं मला ठाम वाटतं. फोन हातात आला की सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, ऑफिसातल्या बायकांचा ग्रुप, सगळे एकदम घरात येऊन बसतात, आणि त्यांतलं एकही माणूस खऱ्या अर्थाने भेटत नाही. दिवाणखान्यात दाराजवळ फोन चार्जिंगला लावायची जागा ठरवा आणि घरी आल्यावर तो तिथेच राहू द्या. सेटिंगमध्ये सगळे आवाज बंद ठेवून ठरावीक नंबरांचीच रिंग वाजेल अशी सोय असते. मुलाला सांगा, तो पुण्याहून फोनवरच समजावून सांगेल. यजमान, मुलगा आणि नणंद, तिघं पुरे. बाकी जगाला सकाळपर्यंत थांबता येतं.

त्या रिकाम्या झालेल्या दोन तासांत वाचन बसवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. ऐरोलीहून गाडीने मधलं एक दिघा गाव स्टेशन सोडलं की ठाणेच. एखाद्या शनिवारी जाऊन सभासद व्हा. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात वर्षभर वाट बघतं. वाचनालयाचं परत करायचं असतं, म्हणून ते वाचलं जातं. खूप वर्षांनी वाचायला बसाल तेव्हा सुरुवातीला चार पानांवर लक्ष उडेल. कथांपासून सुरू करा, एक कथा एका बैठकीत संपते.

आणि ते चहा-खारीवर भागवणं आजपासून बंद. "स्वतःपुरतं काय करायचं" हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. सहा वर्षं तुम्ही एका आजारी माणसासाठी पेज गाळली, ती नीट शिजली आहे का ते पाहिलं. तेवढी आस्था स्वतःच्या जेवणाला का नको? फार काही करायला नकोच. अर्धी वाटी तांदूळ, मूठभर मूगडाळ, वर तूप, बाजूला पापड आणि लिंबाचं लोणचं. नाहीतर गरम भाकरी आणि सकाळचीच भाजी. पण ताटात वाढून घ्या आणि बसून जेवा. ओट्याशी उभं राहून पातेल्यातलं चमच्याने खाणं हे जेवण मोजू नका. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाईच्या हाडांना आणि रक्ताला रोजचं जेवण लागतं, आणि चहा-बिस्किटांवर काढलेली वर्षं पुढे गुडघ्यांत आणि कमरेत वसूल होतात.

एकट्या राहता म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवा. झोपण्यापूर्वी गॅसचा मुख्य कॉक बंद करायची सवय लावा, आणि घरात कोणी नसताना न्हाणीघराची कडी आतून लावू नका. किल्ली दिली की वहिनींनाही कळेल की तुम्ही त्यांना टाळत नाही. तुमचा त्यांच्यावर भरवसा आहे, फक्त मंडळात यायचं नाही.

या सगळ्यात मी एक गोष्ट तुमच्याकडून नीट तपासून घेणार आहे, कारण मोठ्या आजारपणानंतर आणि मृत्यूनंतर कधी कधी उदासी निवांतपणाच्या आडून आत येते. रेडिओवरचं आवडीचं गाणं अजून आवडतं का? क्रोशाचं काम पुढे सरकतंय का? मुलाचा फोन आला की बोलावंसं वाटतं का? रविवारी सकाळी उठावंसं वाटतं का? उत्तरं हो असतील तर चिंता नाही. पण झोप उडाली, भूक गेली, कशातच रस वाटेनासा झाला, माणसं हवीशी वाटूनही त्यांच्याकडे जायचं बळ येईना, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठी सल्ला देणारा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून आज त्याची गरज दिसत नाही. डायरीत मात्र लिहून ठेवा.

यजमान परत येण्याबद्दल. माणसं सहन होतील का, असं तुम्ही विचारता, आणि मला दिसतंय की तुम्हाला भीती माणसांची नाही, सात वाजताच्या धावपळीची आहे. तेव्हा ते यायच्या आधीच बोला. पुढच्या खेपेला ते घरी असतील त्या शनिवारी सातला चहा करा, एक कप त्यांना द्या, एक घेऊन गॅलरीत जा, आणि सांगा की मी रोज इथे तासभर बसते, मला ते लागतं. ते स्वतः दोन वर्षं नागपुरात एकटे राहताहेत. त्यांच्याही काही सवयी जडल्या असतील, त्याही विचारून घ्या. ते परतल्यावर रात्रीचा कुकर कोण लावणार हेही तेव्हाच ठरवा, कारण नागपुरात तो त्यांनीच लावला असणार. मुलाचंही तसंच. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. त्यांनी १९५८ मध्ये मांडलं की एकटं राहता येणं माणूस लहानपणी शिकतो, आणि तेही आई जवळपास असताना, आपल्याच खेळात रमून. तुमचा मुलगा पुण्यात नीट रमला असेल तर त्यात तुमचा वाटा आहे. त्याच्याविना तुम्ही रमलात हे कळलं तर त्यालाही हलकं वाटेल. आई घरी झुरते आहे या विचाराने मुलं सुट्टीला येतात तेव्हा ती पाहुण्यासारखी वागतात.

राहिली नणंद. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तुम्ही त्या फोनकडे तुमची कीव म्हणून बघता. मला तो वेगळा ऐकू येतो. ऐरोलीचं ते घर तिचं माहेर आहे. सहा वर्षं ती आईला बघायला तिथे येत असणार, आणि दीड वर्षापूर्वी तिचं तिथे येण्याचं कारण संपलं. वहिनी घरी एकटी, भाऊ नागपूरला, आता न सांगता कोणत्या निमित्ताने यायचं? म्हणून ती तुम्हाला बोलावते. तुम्ही डोकं दुखतंय म्हणता तेव्हा तिला वाटत असेल की आई गेली आणि त्या घराचा दरवाजाही गेला. मी चुकतही असेन, पण विचारून बघायला हरकत नाही.

तेव्हा डोकेदुखीचं कारण आता बंद करा. तिला सरळ सांगा, "ताई, आठवड्याच्या संध्याकाळी मी घरीच असते, थकलेली असते आणि मला शांत बसायला आवडतं. पण या रविवारी तुम्ही इकडे या, सकाळीच या." सासूबाईंचं कपाट तेव्हा उघडा. ते एकटीने उघडू नका, तो एकटीने करायचा भाग नाही. कोणती साडी तिने न्यायची, कोणती तुम्ही ठेवायची, कोणती कामाच्या बाईंना द्यायची, हे दोघींनी बसून ठरवा, आणि एखादी साडी हातात धरून तासभर गेला तरी जाऊ द्या. जेवण झालं की तिला सांगा की रोजचा फोन सातला करण्याऐवजी दुपारी दीडला करत जा, ऑफिसात जेवणाची सुट्टी असते, तेव्हा निवांत बोलता येईल.